हाँगकाँग बेटावर आईबाबांना काय दाखवावं?

कोथरूडकर:
नमस्कार मंडळी. डिसेंबरात आईबाबांना घेऊन हाँगकाँगला निघालोय. मुक्काम बेटावरच, वान चायला. टूरवाल्याने पीक (व्हिक्टोरिया पीक हा डोंगर), ओशन पार्क आणि स्टॅनली मार्केट एकाच दिवसात कोंबलंय. बाबांचे गुडघे बोलतात, आई पक्की शाकाहारी. काय ठेवू, काय काढू?

शनिवारातली आजी:
आधी ओशन पार्क काढा. पाळणे आणि पांडा बघण्यात अख्खा दिवस जातो. मुलगा तिकडे असतो, त्यामुळे माझं जाणं-येणं असतं म्हणून सांगते, डिंग-डिंगमध्ये बसवा त्यांना. १९०४ पासून चालणारी ट्राम, आता दुमजली. मागच्या दाराने चढायचं, पैसे पुढून उतरताना. वरच्या मजल्याचा जिना अरुंद आणि वळणाचा आहे, बाबांना खालीच बसू दे. वान चायहून सेंट्रल या भागापर्यंत बाजारच बाजार दिसतो.

सेंट्रलला डोंगरावर चढत जाणारे सरकते जिने आहेत. सकाळी दहापर्यंत ते खाली येतात, मग रात्रीपर्यंत फक्त वर. म्हणजे परत यायला पायऱ्या! तेव्हा दहानंतर जा, हॉलिवूड रोडला उतरा आणि मान मो मंदिर गाठा. छताला उदबत्तीची भलीमोठी वेटोळी टांगलेली, खाली नावांच्या लाल चिठ्ठ्या. आईंना सांगा, चांगली साडी नको, डोक्यावर राख पडते.

जेवणाचं: नुसती भाजी मागवली तरी ऑयस्टर सॉस नाहीतर सुकी कोळंबी निघते. वान चायला गुरुद्वारा आहे, तिथलं लंगर जेवा. निर्धास्त.

भटक्या_पुणेकर:
आजी, पीक राहिलंच की! तिथे वर जायला १८८८ ची वेगळी ट्राम आहे, चढताना शेजारच्या इमारती तिरक्या दिसतात. ते चुकवू नका.

शनिवारातली आजी:
अहो, रविवारच्या सिंहगडासारखी रांग असते तिथे. सेंट्रलहून १५ नंबरची बस वरपर्यंत जाते, बसल्या जागी समुद्र दिसतो. वर गच्चीचं तिकीट काढू नका, लुगार्ड रोडवरून फुकटात तेच दिसतं. रस्ता सपाट आहे. डिसेंबरात हवाही स्वच्छ असते, धुकं मार्च-एप्रिलचं.

कोथरूडकर:
ओशन पार्क कटाप! आजी, स्टॅनलीचं काय?

शनिवारातली आजी:
बाजार तुळशीबागेपुढे काहीच नाही. बसचा रस्ता मात्र सुंदर, वेळ उरला तर जा. संध्याकाळी स्टार फेरीच्या बोटीने पलीकडे कौलूनला जाऊन आठचा दिव्यांचा खेळ तिथून बघा, बेट समोर दिसतं.

भटक्या_पुणेकर:
आणि भारतीय पासपोर्टवर हाँगकाँगच्या प्रवेशासाठी ऑनलाइन आगाऊ नोंदणी लागते. फुकट आहे. तिघांचीही करा, छापील कागद जवळ ठेवा.