‘क्षत्रप’ : नेमलेला की स्वयंभू?

प्रश्न : वृत्तपत्रांत ‘प्रादेशिक क्षत्रप’ हा शब्दप्रयोग नेहमी आढळतो. ‘क्षत्र’ अधिक ‘प’ अशी फोड करून ‘क्षत्रियांचा पालक’ असा अर्थ लावणे योग्य आहे का, आणि स्वबळावर राजकारण करणाऱ्या नेत्याला हा शब्द लावावा का?

उत्तर : फोड बरोबर आहे, परंतु ती संस्कृतात घडलेली नाही. मूळ शब्द प्राचीन इराणचा, राजाने प्रांतावर नेमलेल्या अधिकाऱ्यासाठी वापरला जाणारा असून जुन्या पर्शियन भाषेत त्याचे रूप ‘ख्शसपावन्’ असे आहे. त्यातील ‘ख्शस’ म्हणजे राज्य. हा आपल्या ‘क्षत्र’चा सख्खा भाऊ. ‘पा’ म्हणजे राखणे. ‘नृप’, ‘भूप’, ‘गोप’ यांत जो ‘प’ आहे तोच हा. म्हणून अर्थ ‘राज्यरक्षक’ असा होतो, क्षत्रियांचा येथे संबंध नाही. याच शब्दाच्या इराणी बोलीतील रूपावरून ग्रीकांनी ‘सत्रापेस’ केले. तो भारतात आला तेव्हा संस्कृताच्या अंगाला इतका बेमालूम बसला की परका वाटेनासा झाला.

राज्य राखायचे ते कोणाचे, हा अर्थाच्या दृष्टीने खरा प्रश्न आहे. पर्शियन सम्राट दारयवहू (डरायस) याच्या इराणमधील बेहिस्तून येथील शिलालेखात (इ.स.पू. 520च्या सुमारास) बाख्त्रियाचा (आजच्या उत्तर अफगाणिस्तानाकडचा प्रांत) क्षत्रप दादर्शी याचा उल्लेख ‘मना बंदक’, म्हणजे ‘माझा सेवक’ असा येतो. ‘बंदक’ हा शब्द ‘बंध्’ धातूच्या कुळातला असून फारसीतून मराठीत आलेला ‘बंदा’ त्याचाच वंशज आहे. जे सैन्य स्वतःला माझे म्हणवत नाही ते मार, अशी आज्ञा राजा त्याला देतो. क्षत्रपाची सगळी सत्ता या ‘माझा’ शब्दात बांधलेली होती.

ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने सांगितलेला आशिया मायनरमधील (आजचे तुर्कस्तान) सार्डिसचा क्षत्रप ओरोइतेस याचा प्रसंग या बाबतीत फार बोलका आहे. एक हजार पर्शियन अंगरक्षक बाळगणारा हा माणूस दारयवहूला जुमानीना. राजाने सैन्य न पाठवता बगायोस नावाच्या सरदाराला मोहोरबंद पत्रे देऊन धाडले. दरबारात एकेक मोहोर फोडून तो पत्र राजलेखकाच्या हाती देऊ लागला, आणि अंगरक्षक पत्रांचा आदर राखतात हे त्याने आधी पारखून घेतले. मग एका पत्रातून आज्ञा वाचली गेली, की ओरोइतेसचे रक्षण करू नये. भाले तत्काळ खाली आले. शेवटच्या पत्रात त्याला ठार करण्याची आज्ञा होती, आणि त्याच अंगरक्षकांनी ती जागेवर अमलात आणली. क्षत्रपाच्या दारातले भाले राजाचे होते, हे इतक्या स्पष्टपणे सांगणारा दुसरा प्रसंग मला ठाऊक नाही.

तरीही या शब्दाला स्वतंत्र सत्ताधीशाची छटा का यावी, याचे एक कारण मला ग्रीकांच्या अनुभवात दिसते. सूसा किंवा पर्सेपोलिस ही पर्शियन राजधानीची शहरे त्यांना दूर; त्यांचा रोजचा संबंध आशिया मायनरमधील क्षत्रपांशी. इ.स.पू. 412 मध्ये स्पार्टाने अथेन्सविरुद्ध पर्शियाशी तह केला, तेव्हा वाटाघाटी करणारा आणि खलाशांच्या पगाराचे पैसे हातात राखणारा माणूस होता सार्डिसचा क्षत्रप तिस्साफेर्नेस. करारात राजाचे नाव होते. डोळ्यांसमोर मात्र क्षत्रपच होता. पुढे इ.स.पू. चौथ्या शतकात काही क्षत्रपांनी खरोखरच बंडे केली.

तरी मूळ अर्थ राजाने नेमलेल्या सेवकाचाच आहे. म्हणून ज्याला वरून कोणी नेमलेले नाही अशा नेत्याला ‘क्षत्रप’ म्हणणे मला चुकीचे वाटते. त्याला ‘प्रादेशिक नेता’ म्हणावे.

दुसरे मत : हा निर्णय इराणपुरता ठीक आहे, परंतु मराठीत हा शब्द इराणातून थेट आलेला नाही. आपला क्षत्रप नाशिकचा आहे. तेथील पांडवलेण्यांत उषवदात आपल्या सासऱ्याला ‘राजा क्षहरात क्षत्रप नहपान’ म्हणतो (क्षहरात हे नहपानाचे कुळ), म्हणजे ‘राजा’ आणि ‘क्षत्रप’ ही दोन्ही पदे एकाच नावापुढे लागली आहेत. जोगलटेंभी येथे 1906 मध्ये सापडलेल्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांपैकी बहुसंख्य नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाच्या छापावरच आपला छाप उठवला आहे. ही झुंज दोन राजांमधली आहे. पश्चिम भारतातील शक राजा रुद्रदामनाचा सौराष्ट्रातील जुनागढचा लेख (इ.स. 150) तर ‘स्वयमधिगतमहाक्षत्रपनामा’ असेच म्हणतो, म्हणजे महाक्षत्रप हे नाव त्याने स्वतः मिळवले आहे.

उत्तर : रुद्रदामनाच्या या दाखल्यापुढे माझा आक्षेप टिकत नाही, तो मी मागे घेतो. ‘स्वयमधिगत’ हे विशेषण बेहिस्तूनच्या क्षत्रपाला राजद्रोह ठरले असते. सौराष्ट्रात ते गौरवाने खडकावर कोरले गेले. त्याच लेखात अशोकाच्या वतीने तेथील तलावाचे काम करणाऱ्या ‘यवनराज’ तुषास्फाचे नाव आहे. पदवी ग्रीकांची, नाव मात्र ‘अस्प’, म्हणजे अश्व, या इराणी शब्दाने संपणारे दिसते. तेव्हा ‘प्रादेशिक क्षत्रप’ हा प्रयोग चालावा. फक्त व्युत्पत्ती देताना ‘क्षत्रियांचा पालक’ असे लिहू नये, ‘राज्यरक्षक’ असे लिहावे.