डिजिटल फोटोच्या मर्यादित प्रती: दिलेला शब्द की विक्रीची सोय?

उजेडवेडा

प्रदर्शनात फोटोखाली पेन्सिलीनं ‘3/7’ लिहिलेलं असतं. म्हणजे या चित्राच्या एकूण सातच प्रती निघणार आणि ही त्यातली तिसरी. डिजिटल छायाचित्रकारांनी हा आकडा लिहिणं बंद करावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

ठसाचित्रांत या आकड्याला ठोस कारण होतं. ड्रायपॉइंटमध्ये तांब्याच्या पत्र्यावर सुईनं रेघ ओढली की रेघेच्या कडेला धातूची बारीक खडबडीत कड उभी राहते. ती शाई धरते, म्हणून छापात रेघ मखमलीसारखी मऊ दिसते. पत्रा दाबयंत्रातून जाईल तशी ती कड चपटी होत जाते आणि वीस-पंचवीस छापांनंतर रेघ कोरडी पडते. पहिला छाप आणि तिसावा छाप यांत डोळ्यांना दिसेल असा फरक असतो. म्हणून क्रमांक, म्हणूनच शेवटी पत्र्यावर चीर मारून तो रद्द करण्याची पद्धत.

फाइल झिजत नाही. सातवी प्रत पहिलीइतकीच ताजी निघते. मग सातवर थांबायचं कशासाठी? अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सनं 1941 साली घेतलेल्या ‘मूनराइज, हर्नान्डेझ’ या फोटोच्या प्रती पुढची कित्येक वर्षं काढल्या. तेराशेच्या आसपास असाव्यात असा अंदाज आहे. आकड्याची मर्यादा कधीच घातली नाही, तरी त्या प्रतींना आजही मोठी किंमत येते. सही करा, छापल्याचं वर्ष लिहा आणि जितके घेणारे येतील तितक्या प्रती द्या.

कागदकीडा

अ‍ॅडम्सचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं. तो प्रत्येक प्रत अंधारखोलीत हातानं काढायचा, कुठे उजेड अडवायचा, कुठे जास्त द्यायचा. त्या निगेटिव्हचा खालचा भाग फार पातळ होता, म्हणून 1948 साली त्यानं तेवढ्यावर रासायनिक प्रक्रिया करून तो गडद केला. सुरुवातीच्या प्रतींत आकाशात ढगांचे पट्टे दिसतात, नंतरच्या प्रतींत ते जवळजवळ काळं आहे. म्हणजे प्रती एकसारख्या नव्हत्याच. शिवाय 1975 अखेर त्यानं नव्या मागण्या घेणं थांबवलं. त्याची मर्यादा त्याच्या हातांनी आणि वयानं घातली होती. इंकजेटला, म्हणजे फाइलवरून शाईनं छापणाऱ्या प्रिंटरला, अशी मर्यादा नाही, म्हणूनच ती शब्दानं घालावी लागते.

पोटापाण्याचाही प्रश्न आहे. तिशीतल्या छायाचित्रकाराला वर्षाला चार-पाच प्रती विकल्या तरी खूप. सातच्या आवृत्तीत पहिल्या तीन प्रतींना एक दर, चौथी-पाचवीला थोडा वाढवून, शेवटच्या दोनांना आणखी वर, अशी चढती किंमत ठेवता येते. लवकर विश्वास टाकणाऱ्याला त्याचा फायदा मिळतो. अमर्याद प्रतींत ही शिडीच उरत नाही.

तिसरापडदा

कागदकीडा, शब्द द्यायचा हे पटलं, पण तो नेमका कशाचा? खरी पळवाट आकारात असते. 16 बाय 20 इंचात सात, 24 बाय 36 मध्ये पाच, 40 बाय 60 मध्ये तीन, शिवाय दर आकाराला दोन-दोन आर्टिस्ट्स प्रूफ, म्हणजे आकड्याबाहेर कलाकारानं स्वतःसाठी ठेवलेल्या प्रती. बेरीज एकवीस होते आणि घेणारा ‘सात’ ऐकून घरी जातो.

अमेरिकन छायाचित्रकार विल्यम एगल्स्टनच्या 36 मोठ्या इंकजेट प्रती 2012 साली क्रिस्टीजनं लिलावात विकल्या. त्यातली काही चित्रं आधी डाय ट्रान्स्फर या जुन्या रंगीत छपाईच्या पद्धतीनं मर्यादित आवृत्तीत विकली गेली होती. त्या जुन्या प्रती ज्याच्याकडे होत्या, त्या संग्राहकानं न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात दावा लावला. 2013 मध्ये तो फेटाळला गेला. वेगळा आकार, वेगळं माध्यम म्हणजे वेगळी आवृत्ती, असं कोर्टानं धरलं. कायद्यानं ठीक असेल, पण प्रतीसोबत देतात त्या प्रमाणपत्रावर ‘सर्व आकार व सर्व माध्यमं मिळून एकूण इतक्या’ हे वाक्य नसेल तर आकडा पोकळ आहे.

शाईदौत

एक गोष्ट दोन्ही बाजूंच्या नजरेतून सुटते आहे. ‘सातही प्रती सारख्या’ हे गृहीतच चुकीचं आहे. बहुतेक जण सातही प्रती एकदम छापत नाहीत, कारण तेवढा पैसा अडकवणं परवडत नाही. विकली की छापतात. पहिली आणि पाचवी यांत सहा-सात वर्षं जातात आणि तेवढ्यात पुढचं सगळं बदलतं.

कागद: 308 जीएसएमचा (चौरस मीटरला 308 ग्रॅम वजनाचा) सुती मॅट, म्हणजे बिनचमकीचा, कागद घेतला आणि पुढे तो बनणंच बंद झालं, तर पर्यायी कागदाचा पांढरेपणा वेगळा येतो. ज्या कागदात तो जास्त पांढरा दिसावा म्हणून चमक देणारं रसायन घातलेलं असतं, तो काही वर्षांत पिवळसर पडतो. मग भिंतीवरची पहिली प्रत उबदार आणि नवी पाचवी निळसर दिसते.

प्रिंटर आणि प्रोफाइल: प्रोफाइल म्हणजे रंग बरोबर उतरावेत म्हणून केलेली मोजमापांची फाइल, आणि ती त्या प्रिंटर, शाई आणि कागद या तिघांच्या मेळाची असते. यातलं एक बदललं की ती पुन्हा करावी लागते. मॅट कागदावर फोटो ब्लॅक, म्हणजे चमकदार कागदासाठीची काळी शाई गेली तर काळा रंग राखाडी, धुरकट होतो.

मॉनिटर: ‘प्रिंट काळोखी आली’ या तक्रारीचं कारण दहात आठ वेळा मॉनिटर फार उजळ ठेवलेला असणं हे असतं. त्याचा उजेड 80 ते 100 कँडेला प्रति चौरस मीटरवर आणा आणि प्रिंट 5000 केल्विनच्या, म्हणजे पांढऱ्या उजेडाच्या, दिव्याखाली तपासा. घरातल्या पिवळ्या एलईडीखाली नको.

उपाय एकच. पहिली मंजूर प्रत संदर्भ म्हणून आम्लमुक्त खोक्यात अंधारात ठेवायची आणि पुढची प्रत्येक तिच्याशेजारी धरून जुळवायची. पूर्ण प्रत काढण्याआधी सावली, चेहऱ्याचा रंग आणि आकाश येईल अशा चार इंची पट्ट्या छापा. सुती कागद छपाईआधी मऊ ब्रशनं झटका. सुटा तंतू राहिला तर त्यावर शाई बसते, नंतर तो गळतो आणि गडद भागात पांढरा ठिपका उरतो. त्या ठिपक्यापायी अख्खी प्रत बाद करावी लागते. छापल्यावर निदान चोवीस तास उघडी वाळू द्या, नाहीतर काचेच्या आतल्या बाजूला धूसर थर धरतो.

उजेडवेडा

शाईदौत, मनापासून आभार. पण यातून माझंच म्हणणं बळकट होतं. पाचवी प्रत वेगळ्या कागदावर आली तर ती त्याच आवृत्तीतली कशी? छापल्याचं वर्ष आणि कागद लिहिणं जास्त खरं.

मर्यादेशिवाय मोठं काम होतं याचं आपल्याकडचं उदाहरण म्हणजे छायाचित्रकार दयानिता सिंग. 2017 च्या ‘म्युझियम भवन’मध्ये घडीच्या नऊ छोट्या पुस्तिका एका खोक्यात आहेत. उलगडून मांडल्या की घरातच प्रदर्शन उभं राहतं. ऑफसेटवर छापलेलं आहे, तरी प्रत्येक खोक्याचं कापड वेगळं. छायाचित्रणासाठीचा 2022 चा हॅसलब्लाड पुरस्कार त्यांना मिळाला. छापील पुस्तकालाच कलाकृती मानणारं हे काम आहे.

कागदकीडा

उदाहरण उत्तम आहे, पण तिथेही खोकी अगणित नाहीत, आणि त्यांच्यामागे काही दशकांचं नाव आहे. पहिलंच प्रदर्शन करणाऱ्या मुलीला प्रकाशक कुठून मिळणार?

कायद्याचा आधारही कच्चा आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 53-अ मध्ये दहा हजार रुपयांवरच्या पुनर्विक्रीत निर्मात्याला वाटा आहे, पण यादीत रंगचित्र, शिल्प, रेखाटन आणि हस्तलिखितं आहेत, छायाचित्र नाही. तिसरी प्रत पुढे दसपट किमतीला गेली तरी छायाचित्रकाराला त्यातून काही येत नाही. हातातल्या उरलेल्या चार प्रतींची किंमत वाढते, तेवढाच त्याचा हिस्सा. तो आकडा काढला तर हाही गेला.

उजेडवेडा

53-अ चा मुद्दा मान्य. त्या यादीत छायाचित्र यायलाच हवं, यात आपलं एकमत आहे. आकड्याबद्दल मात्र मत बदललेलं नाही.

तिसरापडदा

मग मुंबई-कोकणातला रोजचा प्रश्न सोडवा. पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर जाते. फ्रेमवाल्यानं प्रिंट थेट काचेला चिकटवली, मागे एमडीएफचा (लाकडाच्या भुशाचा) फळा ठोकला आणि कडा साध्या चिकटपट्टीनं बसवल्या, की दोन पावसाळ्यांत बुरशीचे करडे ठिपके आणि पट्टीचे तपकिरी डाग येतात. 3/7 खराब झाली. घेणारा नवी मागतो. ती दिली तर आठवी प्रत झाली का?

शाईदौत

जुनी प्रत परत आल्याशिवाय नवी छापायची नाही. आली की तिच्यावर आडवी चीर द्यायची, फोटो काढायचा, मग नवीवर तोच क्रमांक लिहून शेजारी ‘बदली’ आणि वर्ष टाकायचं. नोंदवहीत तारीख, कागद, आकार, फाइलचं नाव. मागच्या बाजूला 2बी पेन्सिलीनं हलक्या हातानं लिहा, सुती कागदावर ती टिकते.

फ्रेमवाल्याला आधीच लेखी द्या: आम्लमुक्त माउंट, काच आणि प्रिंटमध्ये अंतर, वरच्या कडेला दोनच बिजागऱ्या जपानी कागदाच्या, गव्हाच्या खळीनं लावलेल्या, आणि फ्रेम भिंतीपासून सुटी राहावी म्हणून खालच्या कोपऱ्यांना रबराचे ठोकळे. पश्चिमेच्या पावसाच्या भिंतीवर फ्रेम लावूच नका.

कागदकीडा

‘बदली’ची पद्धत प्रमाणपत्रातच छापून द्यावी. पण घेणारा जुनी परत करायला तयार नसेल तर? बुरशी लागलेली का होईना, त्यानं पैसे मोजलेत.

शाईदौत

तर नवी मिळणार नाही, आणि हे विकतानाच सांगायचं.