क्लायंटचे बदल संपतच नाहीत, एडिटचे टप्पे कसे बांधायचे?

कच्चा_कट:
३ मिनिटांची कॉर्पोरेट फिल्म, सेकंदाला २५ फ्रेमची टाइमलाइन. रफ कट (पहिली कच्ची जुळणी) व्हॉट्सॲपवर गेला आणि तिघांचे तीन सूर. एकाला सुरुवात लांबते, दुसऱ्याला तीच आवडते, तिसरा रंगावर अडलाय. सूचना येतात त्या "तो निळ्या शर्टवाला जरा आधी घ्या" अशा. कलर आणि साउंड झाल्यावर पुन्हा शॉट बदला म्हणतात. फेऱ्या किती ठेवायच्या आणि सूचना घ्यायच्या कशा?

पिक्चर_लॉक:
फेऱ्यांचं नंतर बघू. आधी लेखी ठरवा की शेवटचा शब्द कोणाचा. तिघांनी आपसात बोलून एकच यादी द्यायची. यादीत दोन सूचना एकमेकींना छेद देत असतील तर कामाला हात न लावता ती परत पाठवा. त्यांच्यातला पंच होणं हे एडिटरचं काम नाही.

रफ कटवर बोलायचं ते फक्त क्रम, आशय आणि एकूण लांबीबद्दल. रंग, आवाज, ग्राफिक्स कच्चे आहेत हे लिंकच्याच मेसेजमध्ये लिहा, नाहीतर पहिली सूचना हमखास रंगावर येते. फाइन कटला, म्हणजे पुढच्या बारीक जुळणीला, शॉटची लांबी आणि कट. मग पिक्चर लॉक, म्हणजे चित्राचा कट पक्का, लेखी ओकेसह.

लॉक मोडला की काय होतं ते क्लायंटला आधीच आकड्यात सांगा. एक शॉट २ सेकंदांनी कापला की पुढचं सगळं चित्र ५० फ्रेम अलीकडे येतं, पण मिक्स झालेला साउंड ही एकच फाइल, ती जागची हलत नाही. ओठ आणि आवाज सुटतात, संगीताचा ठोका कटवर पडत नाही, सबटायटल्स चुकतात. हे जादा काम, त्याचं वेगळं बिल. तेवढ्याच लांबीचा दुसरा शॉट टाकायचा असेल तर बहुतेक वेळा त्या एका शॉटचा ग्रेड (रंग जुळवणी) करून भागतं.

रफला २ आणि फाइनला १ फेरी पुरते. मात्र फेरी म्हणजे एक पूर्ण यादी, एक मेसेज नव्हे.

बर्न_इन:
निळ्या शर्टवर उपाय टाइमकोडचा, म्हणजे तास:मिनिट:सेकंद:फ्रेम हा आकडा चित्रावरच छापायचा. एडिटिंग सॉफ्टवेअर रिझॉल्व्ह असेल तर त्यात डेटा बर्न-इन. प्रीमिअर असेल तर ॲडजस्टमेंट लेयरवर (सगळ्या क्लिपवर अंथरलेला रिकामा थर) टाइमकोड इफेक्ट. रिझॉल्व्हची टाइमलाइन मुळात ०१:००:००:०० पासून सुरू होते आणि क्लायंटचा प्लेअर शून्यापासून. प्रिव्ह्यूपुरता स्टार्ट टाइमकोड शून्य करा, गोंधळ मिटेल.

व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवू नका. तो दाबला जातो आणि "फुटेज धूसर का?" हा प्रश्न पदरात पडतो. १०८०पी, एच.२६४, ८ ते १० एमबीपीएसची (सेकंदाला मेगाबिट) फाइल करून लिंक द्या. फ्रेम डॉट आयओ या व्हिडिओवर शेरे घ्यायच्या साइटवर टाकलीत तर कॉमेंट थेट टाइमलाइनवर मार्कर म्हणून उतरतात. फाइलच्या नावात व्ही०१, व्ही०२. 'फायनल' हा शब्द नावात नकोच, त्याला 'फायनल २' नावाचं भावंड होतंच.

ग्रेड_आणि_गाणं:
तिसऱ्या माणसाच्या रंगाच्या तक्रारीबद्दल: ग्रेडला हात लावण्याआधी तो कुठल्या स्क्रीनवर बघतोय ते विचारा. मॅकवर क्विकटाइम प्लेअरमध्ये तीच फाइल एडिटिंग सॉफ्टवेअरपेक्षा फिकी दिसू शकते, आणि फोनवर नाइट मोड चालू असला तर सगळं पिवळट.

संगीत रफ कटच्या आधीच मंजूर करून घ्या. लायसन्स मिळणार नाही असं गाणं तात्पुरतं म्हणूनही लावू नका. कानाला एकदा सवय झाली की नंतरचं प्रत्येक संगीत फिकंच वाटतं.

"इथे मजा येत नाही" असं आलं तर त्या जागेच्या आधीचे १०-१५ सेकंद तपासा. दोष बहुतेक वेळा तिथे असतो, बोट पुढे ठेवलं जातं.

कच्चा_कट:
लॉकनंतर नावपट्टीत स्पेलिंग चुकलेलं सापडलं तर?

पिक्चर_लॉक:
लांबी बदलत नाही, म्हणून लॉक तुटत नाही. फुकट करून द्या. नावं आणि पदं मात्र क्लायंटकडून टाइप केलेली घ्या आणि कॉपी-पेस्ट करा. फोटोवरून वाचून टाइप केलीत की चूक तुमची ठरते.