मदत हवी आहे: कुत्र्याचं मिक्स पिल्लू कोणत्या जातीचं असेल, आणि टाचा चावणं कसं सोडवू?
आमचं पिल्लू साडेचार महिन्यांचं झालंय, मिक्स आहे एवढंच माहितीये, आईबापाचा पत्ता नाही. एक कान ताठ, एक पडलेला, शेपूट पाठीवर वळलेली, मागच्या पायाला जास्तीचं नख पण आहे. दात बदलतायत, परवाच उशीवर इवलासा दात सापडला, त्यामुळे चावणार हे समजतं, पण ते नेमकं पळणाऱ्या मुलीच्या टाचाच धरतं, बसलेल्या कुणाला काही करत नाही, म्हणून वाटतं की गुरं-मेंढरं हाकणाऱ्या जातीचं रक्त असेल का? ओरडलं की अजूनच चेकाळतं, खेळणं पुढे केलं की दोन मिनिटं शांत. मारायचं तर अजिबात नाहीये मला. डीएनए टेस्ट कुणी केलीये का? आणि टाचा धरणं कसं सोडवलंत, प्लीज सांगा.