मदत हवी आहे: ऑर्व्हिएतोच्या कॅथेड्रलमध्ये रविवारी जाण्याबद्दल

रोमहून ट्रेनने एका दिवसात ऑर्व्हिएतो (डोंगरावरचं जुनं गाव) करायचंय, सोबत आई आहे, तिचे गुडघे दुखतात म्हणून स्टेशनवरून फ्युनिक्युलरने (चढावर दोराने ओढली जाणारी छोटी रेल्वे) वर जाणार. 1290 ला बांधायला घेतलेलं कॅथेड्रल, त्यातली चित्रकार सिन्योरेल्लीची भित्तिचित्रं, हे तर बघायचंच, पण आईला खरी ओढ तिथल्याच कोर्पोराले चॅपेलची, परंपरेनुसार 1263 मध्ये बोल्सेनाच्या चमत्कारात (पवित्र भाकरीतून रक्त आलं, तो) रक्ताचे डाग पडलेलं वस्त्र तिथे आहे, तिला तिथे शांतपणे प्रार्थना करायचीय. रविवारच मिळतोय, दुसरा दिवस शक्य नाही. साइटवर पर्यटकांच्या वेळा आणि तिकिटाचं कळलं, ईमेलला उत्तर नाही. सकाळच्या मिस्साला (चर्चमधल्या सामूहिक उपासनेला) बसलो तर नंतर त्या चॅपेलमध्ये तसंच जाऊ देतात का, की दुपारी तिकीट काढूनच जावं लागतं?