थायलंडमध्ये कुटुंबासह राहायला गेल्यावर रोजच्या जगण्यात नेमके काय खुपते?

शिरोलीचा_ओतारी

नमस्कार. मी कोल्हापूरचा असून शिरोली एमआयडीसीतील एका फाउंड्रीत गेली बारा वर्षे गुणवत्ता तपासणीचे काम पाहतो. थायलंडच्या रयोंग प्रांतात मोटारींचे सुटे भाग ओतणाऱ्या एका कारखान्याने मला दोन वर्षांच्या करारावर बोलावले आहे. पगाराबद्दल तक्रार नाही आणि कामही ओळखीचेच आहे. वाळू, भट्टी आणि नाकारलेल्या कास्टिंगचा ढीग सगळीकडे सारखाच असतो.

अडचण अशी आहे, की आमच्या पेठेत थायलंडला जाऊन आलेले पुष्कळ लोक भेटतात, पण ते सगळे फुकेत आणि पट्टायाची पाच दिवसांची सहल करून आलेले असतात आणि त्यांच्याकडे फक्त फोटो असतात. मला तिथे सुट्टी घालवायची नाही, सात वर्षांच्या मुलीचा डबा भरायचा आहे. पत्नी इथे प्राथमिक शिक्षिका आहे. तिला तिकडे काही काम करता येईल का? आई मंगळवार पेठेत एकटी राहणार, तेव्हा तिचे काही दुखले-खुपले तर तडकाफडकी परतता येईल का? जे प्रत्यक्ष तिथे राहिले आहेत किंवा राहून परतले आहेत, त्यांनी गोड-गोड न सांगता काय त्रास होतो ते सांगावे, ही विनंती.

चोनबुरीतला_करवीरकर

आपण जिथे निघाला आहात त्याच्या शेजारच्या प्रांतात मी अकरा वर्षे आहे. चाछोएंगसाओ, चोनबुरी आणि रयोंग हे तीन प्रांत मिळून तिथला पूर्वेचा औद्योगिक पट्टा होतो आणि मोटारीच्या धंद्यातले बहुतेक भारतीय, जपानी आणि चिनी लोक इथेच सापडतात. त्यामुळे परदेशी माणूस पाहून कोणी दचकत नाही. त्रास वेगळाच आहे. इथे कितीही वर्षे काढली तरी आपण तात्पुरतेच असतो आणि इथले कागद ती गोष्ट दर तीन महिन्यांनी आठवण करून देतात.

आपला प्रवेश ‘नॉन-इमिग्रंट बी’ या व्हिसावर होईल, नंतर कामाचा परवाना निघेल आणि मग वर्षावर्षाची मुदतवाढ मिळत जाईल, जिचे शुल्क १,९०० बाथ आहे. इतके कंपनी सांभाळते. कंपनी सहसा जे सांगत नाही ते असे, की सलग ९० दिवस देशात राहिलात की आपण अजून त्याच पत्त्यावर राहतो हे इमिग्रेशनला कळवावे लागते. आम्ही मराठी मंडळी याला आपापसात ‘हजेरी’ म्हणतो. ठरलेल्या तारखेआधी १५ दिवस आणि नंतर ७ दिवस एवढी सवड असते आणि ती चुकली तर २,००० बाथ दंड पडतो. मध्येच देशाबाहेर जाऊन आलात तर मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते, त्यामुळे भिंतीवरच्या कालनिर्णयावर केलेली खूण खोडून नवी करावी लागते. मी ती अजूनही लाल पेनानेच करतो, कारण फोनमधली आठवण मी दोनदा वाचून विसरलो आहे.

दुसरा कागद ‘टीएम ३०’. घरात परदेशी माणूस राहायला आला, की २४ तासांच्या आत घरमालकाने ते कळवायचे असते. कायदा १९७९ चा आहे आणि जबाबदारी मालकाची आहे, पण त्याने कळवले नाही तर खिडकीवर अडतात आपली कामे. माझी पहिली घरमालकीण अत्यंत सुस्वभावी बाई होती, दर आठवड्याला आंबे पाठवायची, पण हा अर्ज म्हटला की हसून विषय बदलायची. म्हणून घर पसंत करण्याआधी, भाडे ठरवण्याच्याही आधी, हा अर्ज कोण भरणार एवढे विचारून घ्यावे.

आता आईंच्या प्रश्नाचे उत्तर. परतता येते, मुंबई-बँकॉक विमान चार-साडेचार तासांचे आहे. मात्र ‘री-एन्ट्री परमिट’, म्हणजे बाहेर जाऊन परत येण्याची परवानगी, न घेता देशाबाहेर पाऊल टाकले, की मिळालेली मुदतवाढ त्याच क्षणी संपते. एका वेळेपुरते परमिट १,००० बाथला आणि कितीही वेळा चालणारे ३,८०० बाथला मिळते. आमच्या कारखान्यातला एक सांगलीचा मुलगा गणपतीला चार दिवस घरी जाऊन आला आणि विमानतळावर त्याला कळले, की दहा महिने शिल्लक असलेली मुदत आता उरलेली नाही. त्याला पुन्हा व्हिसापासून सुरुवात करावी लागली. मला स्वतःला वडिलांच्या आजारपणात रात्री दोनच्या विमानाने निघावे लागले, तेव्हा बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावरच्या खिडकीतून परमिट मिळाले, पण तिथे रांगेत उभे असताना हाताला सुटलेला कंप आजही आठवतो. तेव्हापासून मुदतवाढ मिळाली, की त्याच दिवशी त्याच कचेरीत ३,८०० बाथ भरून मोकळा होतो. आपणही तसेच करावे.

एक गोष्ट करारावर सही करण्याआधी नीट समजून घ्या. आपला मुक्काम नोकरीला बांधलेला असतो आणि पत्नी व मुलीचा मुक्काम आपल्याला. नोकरी सुटली, की सामान आवरायला महिनाभर मिळेल असे गृहीत धरू नये. मुदतवाढ नोकरीच्या शेवटच्या दिवसाबरोबर संपते. मुदत उलटून राहिल्यास दिवसाला ५०० बाथ, जास्तीत जास्त २०,००० बाथपर्यंत दंड होतो. त्यामुळे नोटीस किती दिवसांची आणि परतीची तिकिटे कोणाच्या खर्चाने, ही दोन वाक्ये करारात लेखी असू द्यात.

राजारामपुरीची_सून

पतीच्या नोकरीमुळे मी चार वर्षे चोनबुरी प्रांतातल्या सीराचा या गावी होते. करवीरकरांनी कचेरीतला त्रास सांगितला आहे, मी घरातला सांगते, कारण पुरुष सकाळी सातला कारखान्याच्या बसने गेले, की उरलेला देश बायकांच्या वाट्याला येतो.

आपल्या पत्नीला मिळेल तो कुटुंबीयांचा व्हिसा, आणि त्यावर काम करता येत नाही. शाळेने नोकरी दिली तर व्हिसाचा प्रकार बदलून स्वतंत्र परवाना काढावा लागतो आणि शिकवण्यासाठी शिक्षक परवान्याच्या अटीही असतात. शेजारच्या मुलांच्या शिकवण्या घेऊ, असे मलाही वाटले होते, परंतु परवान्याशिवाय काम केल्यास ५,००० ते ५०,००० बाथ दंड आणि देशाबाहेर रवानगी, अशी तरतूद कळल्यावर मी तो विचार सोडला. दहा वर्षे कमावणाऱ्या बाईला भाजीच्या पैशांसाठी हात पुढे करावा लागणे हा माझ्या दृष्टीने तिथला सर्वांत मोठा त्रास होता आणि त्याबद्दल निघण्याआधी आम्ही दोघे एक शब्दही बोललो नव्हतो. आपण बोलून घ्या.

घर घेताना आणखी एक गोष्ट पाहावी. अनामत साधारण दोन महिन्यांची आणि एक महिन्याचे भाडे आगाऊ द्यावे लागते. विजेचे बिल थेट वीज प्राधिकरणाकडून येते की घरमालक स्वतःच्या दराने लावतो, हे अवश्य विचारा. सरकारी दर युनिटला चार बाथच्या आसपास असताना काही इमारतींत सात-आठ बाथ घेतात आणि एप्रिलमध्ये वातानुकूलन यंत्र दिवसभर बंद करता येत नाही.

स्वयंपाकघर तर पाहूनच घ्या. तिथे बाहेरून खाणे आणणे स्वस्त आणि सोयीचे असल्यामुळे कित्येक घरांत ओटा म्हणजे दोन हात लांबीची फळी असते, विजेची शेगडी असते आणि धूर बाहेर काढणारा पंखा नसतो. मी पहिल्याच आठवड्यात कांदा-लसूण मसाल्याची फोडणी दिली आणि पाच मिनिटांत खालचा सुरक्षारक्षक दारात उभा राहिला. तो रागावला नव्हता, फक्त कुठे आग लागली आहे का ते नम्रपणे पाहत होता. नंतर आम्ही सज्जा असलेले घर घेतले आणि फोडणी सज्जात नेली.

मटणाचे मात्र हाल आहेत. डुक्कर, कोंबडी आणि मासे कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतात, पण बोकडाचे मटण शोधत मुस्लिम वस्तीतल्या बाजारात जावे लागते आणि तेही दर वेळी मिळतेच असे नाही. पांढऱ्या रश्श्याला लागणारे नारळाचे दूध ताजे काढून देतात, ते इतके दाट आणि सुरेख असते, की मटण नसल्याचे दुःख त्यामुळे अधिकच होते. उपवास असेल तर साबुदाणा सहज मिळतो, त्याला ‘साखू’ म्हणतात, परंतु तो बारीक आणि गोड पदार्थांसाठीचा असल्याने खिचडीचा गोळा होतो. शाकाहारी जेवण मागताना ‘जे’ हा शब्द वापरावा. त्यात मासळीचे पाणी पडत नाही, पण कांदा-लसूणही पडत नाही. साध्या भाजीत ‘नाम प्ला’ म्हणजे मासळीचे खारट पाणी असतेच आणि त्यांच्या लेखी ते मीठच असते.

भाषेबद्दल एकच उदाहरण देते. ‘क्लाय’ सरळ सुरात म्हटले तर दूर आणि सूर वरून खाली सोडला तर जवळ. मुलीची शाळा जवळ आहे असे मी वर्षभर लोकांना सांगत होते आणि ते बिचारे ‘फार दूर’ असे ऐकून माझ्याबद्दल हळहळत होते. पत्नीने पहिल्या तीन महिन्यांतच भाषेचा वर्ग लावावा. फीच्या मानाने तो वर्ग मला परवडला, शिवाय घराबाहेर पडायला एक कारण मिळाले.

रंकाळ्याचा_यजमान

मी थायलंडमध्ये राहिलेलो नाही, तरी एक गोष्ट नोंदवतो. माझे रंकाळ्याजवळ छोटे निवासगृह आहे. परदेशी पाहुणा उतरला, की २४ तासांच्या आत त्याची माहिती मला सरकारच्या संकेतस्थळावर भरावी लागते. ‘फॉर्म सी’ म्हणून तो अर्ज ओळखला जातो. आपल्याकडे १८० दिवसांहून जास्त मुदतीच्या व्हिसावर येणाऱ्या बहुतेक परदेशी लोकांना १४ दिवसांत नोंदणीही करावी लागते. एकदा एका फ्रेंच अभ्यासक बाईंची माहिती भरायला मला विजेअभावी उशीर झाला आणि त्यांना माझ्यापेक्षा जास्त घाम फुटला होता. तेव्हा हा जाच थायलंडचाच खास आहे असे समजू नये. आपण आजवर खिडकीच्या अलीकडे कधी उभे राहिलो नव्हतो, इतकेच.

चोनबुरीतला_करवीरकर

यजमानांचे म्हणणे मान्य आहे. फरक इतकाच, की तुमचा पाहुणा आठवड्याने जातो आणि आम्ही अकरा वर्षे पाहुणेच राहतो. गंमत म्हणजे भारतीयांसाठी थाई लोक बोलताना वापरतात तो ‘खॅक’ हा शब्दही मुळात ‘पाहुणा’ याच अर्थाचा आहे. गोऱ्यांना ‘फरांग’ आणि आपल्याला ‘खॅक’. काही भारतीयांना तो टोचतो. मला टोचत नाही, पण भाड्याचे घर शोधताना फोनवर तो शब्द ऐकू आला आणि लगेच घर ‘आत्ताच गेले’, असे माझ्या बाबतीत दोनदा झाले आहे. परदेशी माणसाला जमीन विकत घेता येत नाही. इमारतीतली सदनिका घेता येते, मात्र एका इमारतीत विक्रीच्या क्षेत्रफळापैकी ४९ टक्क्यांपर्यंतच. त्यामुळे भाडेकरूपण सुटत नाही.

आणखी दोन गोष्टी राहिल्या. तिथले वर्ष बुद्धाब्दाप्रमाणे ५४३ ने पुढे असते, म्हणजे २०२६ ला २५६९, आणि अनेकदा शेवटचे दोनच आकडे लिहितात. करारावर ‘६९’ पाहून गोंधळू नये. दुसरे म्हणजे थंडीत आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी हवा खराब होते. त्यामागच्या कारणांपैकी एक आपल्याला पाठ आहे: तोडणीआधी ऊस पेटवतात. थायलंड साखरेच्या मोठ्या निर्यातदारांपैकी एक आहे आणि जळक्या उसाचा तो वास आला, की क्षणभर शिरोळ तालुक्यात असल्यासारखे वाटते, मग खोकला येतो. मुलीला दम्याचा त्रास असेल तर आधी सांगा. उत्तरेकडच्या चियांग माईपेक्षा समुद्राकाठचे रयोंग पुष्कळ बरे.

शिरोलीचा_ओतारी

सर्वांचा आभारी आहे. काल रात्री हे सगळे पत्नीला वाचून दाखवले. पगाराच्या आकड्यावर आम्ही महिनाभर बोलत होतो, तिच्या पगाराच्या आकड्यावर काल प्रथमच बोललो. तिने दोन वर्षांची बिनपगारी रजा मिळते का ते विचारायचे ठरवले आहे आणि ती मिळाली नाही तर पहिले सहा महिने मी एकटाच जाईन. मुलीला दमा नाही.

आणखी एक शंका. माझ्या पासपोर्टवर नावाच्या रकान्यात माझे आणि वडिलांचे नाव एकत्र आहे, पण पदवीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी छापलेले आहे. तिकडे यावरून अडवतात का?

चोनबुरीतला_करवीरकर

अडवतात. व्हिसा, कामाचा परवाना, बँक आणि वाहन परवाना या चारही ठिकाणी नाव पासपोर्टवर आहे तसेच, त्याच क्रमाने, एकही अक्षर न गाळता लिहायला लावा. बँकेतल्या मुलीने माझ्या वडिलांचे नाव मधले नाव म्हणून गाळले आणि कारखान्याने भरलेला पहिला पगार नऊ दिवस अधांतरी राहिला. थाई लिपीत नाव कसे लिहायचे ते कामाचा परवाना निघताना एकदाच ठरवा आणि तोच कागद सगळीकडे दाखवा, कारण आपला भ त्यांच्या तोंडी फ होतो. ‘सुवर्णभूमी’ला ते ‘सुवन्नफूम’ म्हणतात, तिथे आपल्या आडनावाची काय कथा. पदवीच्या प्रमाणपत्रासाठी, दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत असे प्रतिज्ञापत्र इंग्रजीत करून घ्या आणि ते कोल्हापुरातच करून निघा.