लुआटेक: डोळ्यांना सारखंच दिसतं, तरी जुळत नाही

कोरीपाटी:
लुआलाटेकमध्ये, म्हणजे लुआ ही प्रोग्रामिंग भाषा जोडलेल्या टेक या अक्षरजुळणी प्रणालीत, पुस्तक लावतेय. अनुक्रमणिकेत नको असलेल्या १४ प्रकरणांची नावं साध्या टेक्स्ट फाइलीत आहेत. लुआ ती ओळ ओळ वाचतं आणि चालू शीर्षकाशी ताडून बघतं. शीर्षकाचा मॅक्रो (मजकूर साठवणारी कमांड) डायरेक्टलुआच्या, म्हणजे टेकमधून लुआ चालवणाऱ्या कमांडच्या, आत अवतरणचिन्हांत तसाच टाकलाय. १२ नावं मुकाट जुळतात. ‘दुसऱ्या दिवशी’ काही केल्या जुळत नाही, आणि ‘शोध अपुरा’मध्ये एम्फ (शब्दावर भर देणारी) कमांड आहे, तिथे अवैध एस्केपची (बॅकस्लॅशने सुरू होणाऱ्या खुणेची) एरर येऊन सगळंच थांबतं. कालची रात्र यातच गेली.

अर्धाकाना:
फाइल विंडोजवर बनवलीय का? ओळीअखेर कॅरेज रिटर्न हे न दिसणारं चिन्ह चिकटून येतं.

कोरीपाटी:
तसं असतं तर एकही जुळलं नसतं ना!

खिळेजुळारी:
आधी एररचं बघू. डायरेक्टलुआ आतला मजकूर पूर्ण उलगडून (मॅक्रोच्या जागी त्यातला मजकूर घालून) मगच लुआच्या हाती देतं. उलगडून उरलेला बॅकस्लॅश अवतरणात पडला की लुआ त्याला स्वतःचा एस्केप समजतं. (एम्फऐवजी नोइन्डेंट, म्हणजे परिच्छेदाची पहिली ओळ आत न सरकवणारी कमांड, असती तर एररही आली नसती: बॅकस्लॅश-एन म्हणजे नवी ओळ, पुढे नुसतं ‘ओइन्डेंट’. ते शोधताना माझे केस पिकलेत.) मॅक्रो उलगडूच नका, मॅक्रोतला मजकूर आणून देणाऱ्या टोकन डॉट गेट_मॅक्रो या लुआ फंक्शनला त्याचं नाव द्या, बॅकस्लॅशशिवाय. मात्र मजकूर देताना टेक एम्फ आणि महिरपी कंसाच्या मध्ये एक स्पेस सोडतं. फाइलीत ती नसेल तर पुन्हा बोंब.

आणि ‘दुसऱ्या’ एवढ्याच शब्दाचे बाइट दोन्हीकडे मोजा.

कोरीपाटी:
एम्फवालं जुळलं, स्पेसचं बरं सांगितलंत. ‘दुसऱ्या’ मॅक्रोत २१, फाइलीत २४! दिसायला काडीचा फरक नाही.

खिळेजुळारी:
वाटलंच. २१ वाल्यात ऱ, म्हणजे युनिकोड क्रमांक यू+०९३१, आणि हलन्त. २४ वाल्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक, यू+२००डी. कागदावर उमटतो तोच आडवा अर्धा र, पण लुआ फक्त बाइट बघतं. युनिकोडचं नॉर्मलायझेशनही (समान मजकूर एकाच रूपात आणणं) या दोघांना एक मानत नाही. ताडण्याआधी जीसब या लुआच्या शोधून-बदल फंक्शनने ‘र, हलन्त, जोडक’च्या जागी ‘ऱ, हलन्त’ घाला.

अर्धाकाना:
एवढं कशाला, टेकच्या इफएक्स या तुलनेच्या कमांडने भागेल की.

खिळेजुळारी:
इफएक्स टोकन (टेकने वाचलेले तुकडे) ताडतं, कॅटकोडसकट, म्हणजे टेक प्रत्येक अक्षराला देतं त्या प्रकार-क्रमांकासकट. एक बाजू डीटोकनाइज केलेली, म्हणजे साध्या अक्षरांत बदललेली, असली तर अक्षरं तीच असूनही नाही म्हणेल. शिवाय जोडक तिथेही आडवा येणारच.

कोरीपाटी:
जीसब दोन्ही बाजूंना लावला. १४ च्या १४ जुळली. शोधून बघितलं तर अख्ख्या पुस्तकात ‘ऱ्या’ दोन्ही तऱ्हांनी टाइप झालाय. आता सूचीची वर्णक्रमवारीही पुन्हा तपासायला हवी.